अंगत-पंगत



शाळेतला एक पाठ मुलांना कोणी न शिकवता येतो. मधली सुट्टी झाली की चार-पाच जण गोल करून बसतात, डबे उघडतात आणि कोणाच्या डब्यात काय आहे याची पाहणी होते. शेंगदाण्याची चटणी इकडे येते, मेथीची भाजी तिकडे जाते. घरी ज्या भाजीला हात लावला जात नाही, तीच मित्राच्या डब्यातून आली की मिटक्या मारत खाल्ली जाते, हा अनुभव प्रत्येक आईला आहे. याला आपण अंगत-पंगत म्हणतो. गोकुळातल्या गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या आणि त्याचा काला झाला, अशी आपल्या हिंदू शेजाऱ्यांची कथा आहे. सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन असते ते त्यावरूनच.

मोठेपणी मात्र हा पाठ आपण विसरतो. आपल्यापैकी पुष्कळ जण शेंद्र्याला कामाला जातात. कोठे निघालात, असे विचारले तर उत्तर येते, "कंपनीत". या कंपनी शब्दाचे मूळ मोठे गमतीचे आहे. लॅटिन भाषेत 'पानिस' म्हणजे भाकरी किंवा पाव, आणि 'कुम' म्हणजे सोबत. एकत्र भाकरी खाणारे ते सोबती, आणि त्या सोबत्यांचा जथा म्हणजे कंपनी. त्याच कंपनीत दुपारी एखादा माणूस डब्याचे झाकण आडवे धरून, भिंतीकडे तोंड करून जेवत असेल, तर तो तसा का जेवतो याचा विचार करावा, म्हणून आजचा हा अभ्यास. बायबल जवळ घेऊन बसावे. उतारे जागोजागी सांगत जाईन.

आधी प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९, १० आणि ११. संत पेत्र यापो शहरात राहतो तो शिमोन चांभाराच्या घरी (९:४३). हे वाक्य आपण भरभर वाचून पुढे जातो. थांबून वाचा. मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे काम करणारा माणूस त्या काळच्या यहुदी समाजात अशुद्ध मानला जाई, आणि प्रेषितांचा प्रमुख त्याच्या घरी पुष्कळ दिवस मुक्कामाला आहे. त्याच घराच्या गच्चीवर, दुपारी भूक लागलेली असताना आणि खाली स्वयंपाक चालू असताना पेत्राला दृष्टान्त होतो. चार कोपऱ्यांनी धरलेली चादर आकाशातून उतरते, तिच्यात सर्व प्रकारचे प्राणी आहेत आणि त्याला खाण्याची आज्ञा होते. तो तीनदा नकार देतो. नंतर त्याला अर्थ कळतो आणि तो कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी जातो. तेथे पवित्र आत्मा उतरतो, बाप्तिस्मा होतो.

आता ११:३ पाहा. पेत्र यरुशलेमला परत आल्यावर तिथल्या बंधूंनी त्याला जाब विचारला. तो जाब बाप्तिस्म्याबद्दल नव्हता. सुंता न झालेल्या लोकांच्या घरात तू गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास, ही त्यांची तक्रार होती. एखाद्याला देवाच्या राज्यात घ्यायला ते तयार झाले असते, पण त्याच्या ताटातले खायला नाही. माणसाचे मन असेच आहे. प्रार्थना सोबत करणे सोपे असते, जेवणे अवघड असते.

पेत्राला हे एकदा कळले आणि काम संपले, असेही झाले नाही. गलतीकरांस पत्र २:११ ते १४ वाचा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर बिनधास्त जेवत होता. यरुशलेमहून काही माणसे आली आणि लोक काय म्हणतील या भीतीने तो हळूच पंगतीतून बाजूला झाला. त्याचे पाहून इतर यहुदी बंधूही उठले, बर्णबासुद्धा. संत पौलाने त्याला सर्वांसमोर सुनावले. पौलाच्या मते हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता, शुभवर्तमानाच्या सत्याचा होता. एका माणसाने ताट उचलून दुसरीकडे नेले एवढ्यावर शुभवर्तमान खोटे पडते, असे मानणारा पौल मला फार मोठा तत्त्वज्ञ वाटतो.

दोन हजार वर्षांपूर्वीचे हे यहुदी लोकांचे भांडण आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. तर आपल्याच जिल्ह्यातले पैठण घ्या. संत एकनाथ सोळाव्या शतकातले. त्यांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. रस्त्याने जाणाऱ्या महार कुटुंबातील मुलांना त्या अन्नाचा वास आला, आणि ब्राह्मणांसाठी केलेले ते अन्न एकनाथांनी त्यांनाच वाढले, अशी कथा आहे. आमंत्रित ब्राह्मण रागावून जेवायला आले नाहीत, तेव्हा पितरच पंगतीला येऊन बसले असे पुढे सांगतात. दुसरी कथा राणू महाराची. त्याने एकनाथांना आपल्या घरी जेवायला बोलावले आणि ते गेले. मला ही दुसरी कथा पहिलीपेक्षा मोठी वाटते. गरिबाला वाढणे हे दान झाले, त्यात वाढणाऱ्याचा हात वर राहतो. गरिबाच्या घरी जाऊन, त्याच्या चुलीवरचे, त्याने दिले तसे खाणे यात हात खाली येतो. प्रभू येशूने जक्कयाला दान दिले नाही, तो त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला (लूक १९).

पुण्याची एक गोष्ट आपल्या तरुणांना ठाऊक नसेल. सन १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पंच हौद मिशनमध्ये (हे मिशन अँग्लिकन पंथाचे, आपले नव्हे) पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी एकत्र आली होती. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांत होते. मिशनतर्फे चहा आणि बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला. या बैठकीच्या मागे गोपाळराव जोशी होते, डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान. त्यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, कोणी काय प्यायले आणि कोणी काय चावले याचा काथ्याकूट झाला. रानड्यांसारख्या माणसाने शेवटी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. ख्रिस्ती घरचा एक कप चहा! त्याआधी, १८४९ मध्ये, मुंबईत परमहंस सभा निघाली होती. नव्या सभासदाने जातिभेद सोडला याची खूण म्हणून त्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. ती सभा गुप्तपणे चाले. पाव खाल्ल्याचे उघड होऊ नये म्हणून एवढी गुप्तता.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी चहा घेतला तो मात्र भर रस्त्यात. गंगाराम कांबळे या दलित माणसाला त्यांनी चहाचे दुकान काढून दिले. तेथे कोणी फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः दुकानासमोर गाडी थांबवून त्याच्या हातचा चहा पीत आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजीत. केरळात सहोदरन अय्यप्पन यांनी २९ मे १९१७ रोजी चेराई येथे वेगवेगळ्या जातींच्या लोकांना एका पंगतीत बसवले, त्याला मिश्रभोजन म्हणतात. त्यांच्याच समाजाने त्यांना वाळीत टाकले. आपल्यात केरळची कुटुंबे आहेत, त्यांनी मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

हे सगळे जुने झाले असे वाटत असेल तर डिसेंबर २०२१ आठवा. उत्तराखंडातील सूखीढांग येथील शाळेत दलित बाईने शिजवलेला शालेय पोषण आहार खायला काही मुलांनी नकार दिला. मुलांना हे कोणी शिकवले असेल? अंगत-पंगत त्यांना आपोआप येत होती. ती न करणे घरून शिकवावे लागते.

आणि आता आपल्याकडे बघू. आपण सर्व जण एका रांगेत उभे राहून कम्युनियन घेतो. एकच प्रभू, एकच भाकर. मग घरी जातो. आपल्यातील किती कुटुंबांनी एकमेकांच्या घरी साधे जेवण जेवले आहे? लग्न-बारसे सोडून द्या. तेथे आचारी असतो आणि शामियाना असतो. मी रोजच्या जेवणाबद्दल विचारतो आहे. बाप्तिस्मा झाला म्हणजे जुनी जात वाहून गेली, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो. पण अमुक घरचे पाणी घ्यायचे, तमुक घरी नुसता चहा, आणि तिसऱ्या घरी "नको, आत्ताच खाऊन आलो", हे हिशेब आपल्यातही चालतात. कोण कोणाला हे म्हणते ते ज्याचे त्याला ठाऊक आहे. करिंथच्या ख्रिस्तसभेत असेच चालले होते. पहिले पत्र, अध्याय ११, ओवी १७ पासून पुढे. सुखवस्तू मंडळी लवकर येऊन आपले आणलेले आपणच खाऊन टाकीत. मजूर आणि गुलाम कामावरून उशिरा येत, ते उपाशी राहत. पौल म्हणतो, हे प्रभूचे भोजन नव्हेच. मिस्साबलीविषयीची आपली सर्वांत जुनी लिखित शिकवण याच अध्यायात आहे, आणि ती डब्यांच्या भांडणातून निघालेली आहे हे विसरू नये.

डबा लपवण्यामागे लाज असते. ही लाज आपल्या मराठवाड्यात कोठून आली हे समजून घ्यायचे असेल, तर शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे पुस्तक वाचा. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजाच्या घरी काय शिजत होते, का शिजत होते आणि कसे, हे त्यांनी पाककृतींसह लिहून ठेवले आहे. पदार्थांची नावेसुद्धा बाहेर उच्चारायची चोरी होती, अशा जेवणाची ती नोंद आहे. तेल-मसाला नसलेल्या घरात जे हाती आले त्यातून चव कशी काढली, मांस वाळवून पावसाळ्यासाठी कसे ठेवले, हे वाचताना आपल्यातील अनेक वडीलधाऱ्यांना आपली आजी आठवेल. ज्याच्या आजीने हे शिजवले त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. मान खाली घालायची तर ज्यांनी त्या ताटावरून माणूस मोजला त्यांनी घालावी.

बरे, जे ताट आपण अगदी आपले, मातीतले म्हणतो तेही जरा उलगडून पाहू. ज्वारी मूळची आफ्रिकेची, हजारो वर्षांपूर्वी इकडे आली. मिरची अमेरिका खंडातली, ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आली. त्याआधी तिखटपणा मिऱ्यांचा होता. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. म्हणजे भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी हे आपले जेवण तीन खंडांची अंगत-पंगत आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी मिरचीचा ठेचा कधी चाखला नाही. बटाटा हा शब्दच पोर्तुगीज, पाव हाही पोर्तुगीज. एकादशीच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, दाणे तिकडचे, बटाटा तिकडचा, मिरचीही तिकडची. आणि तोच कंद उकडून केरळची माणसे कप्पा म्हणून मासळीच्या कालवणाबरोबर खातात. एका दारात उपवास, दुसऱ्या दारात मासळी, आणि कंद एकच. शहरातला नान खलियाही असाच बाहेरून आलेला. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला असे सांगतात. आज तो आपल्या जिल्ह्याची ओळख आहे.

शिळ्या अन्नाचेही तसेच. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ-कांद्याबरोबर खाणे हे ओडिशात पखाल, केरळात पळंकंजी. आपल्याकडे शिळी भाकरी ताकात कुस्करतात आणि आंबील करतात. उन्हात काम करणाऱ्या माणसांना हे सगळीकडे आपापले सुचले. झारखंडची मुलगी आणि आपल्याकडची आजी एका ओट्यावर बसून बोलू लागल्या तर भाषा अडेल, पण शिळ्या भाताचे काय करायचे हे दोघींना माहीत आहे.

आता करमाडकरांनी जे विसरू नये ते. ८ मे २०२० ची पहाट. टाळेबंदी होती. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील वीस मजूर भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत निघाले होते. उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतील ही माणसे. रात्रभर चालून थकली आणि आपल्या करमाडजवळ रुळांवरच झोपली. पहाटे मालगाडी आली आणि सोळा जण गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आले, ते अनेकांच्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्या. वाटेसाठी बांधून घेतलेली शिदोरी.

कोणी त्यांना जेवायला बोलावले असते तर जीव वाचले असते, असे मी म्हणत नाही. त्या रात्री जे चुकले ते फार वरपासून चुकलेले होते. पण एक प्रश्न मनातून जात नाही. ही माणसे आपल्या भागात राहत होती, आपल्या भागातले लोखंड वितळवत होती. त्यांच्या डब्यात काय असते, ती पोळी कशी लाटतात, सोबत चटणी कशाची, हे आपल्याला कळले ते त्या छायाचित्रातून. ॲरिस्टॉटलने मैत्रीबद्दल लिहिताना एका जुन्या म्हणीचा आधार घेतला आहे. माणसे मापभर मीठ एकत्र खाल्ल्याशिवाय एकमेकांना ओळखत नाहीत, असा तिचा भाव. मीठ चिमटीने खातात, तेव्हा मापभर मीठ संपायला किती जेवणे लागतील याचा हिशेब करा. आपणही खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतोच. मीठच एकत्र खाल्ले नाही तर जागायचे कशाला?

त्याच टाळेबंदीत यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळच्या महामार्गावर शीख बांधवांचा लंगर चालत्या मजुरांना जेवू घालत होता. नांदेडला ज्यांनी लंगरमध्ये जेवण केले आहे त्यांना ठाऊक आहे, तेथे शेजारी कोण बसावे हे ठरवता येत नाही. जागा जशी मिळेल तसे बसायचे. आपण यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि शिकण्यात कमीपणा नाही.

आता करायचे काय? पुढच्या रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात अंगत-पंगत आहे. बिर्याणी करू नये, ही पहिली विनंती. सणाचे जेवण आणले की बायकांवर भार पडतो, आणि ज्याला परवडत नाही तो येतच नाही. त्या दिवशी घरी जे शिजणार होते तेच, दोन माणसांचे जास्त करून आणावे. पिठले असेल तर पिठले, येसर आमटी असेल तर तीच. पावभर भात आणि लोणचे आणणाऱ्याचेही स्वागत आहे. योहानाच्या शुभवर्तमानात (६:९) मुलाजवळ ज्या पाच भाकरी होत्या त्या जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाच्या. इतर तीन शुभवर्तमानांत हा तपशील नाही. योहानाने तो मुद्दाम सांगितला आहे.

शाकाहारी जेवण वेगळ्या टेबलावर राहील आणि त्याचे पळी-चमचे वेगळे असतील. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय याच विषयावर आहे. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, असे पौलाचे सांगणे. त्यामुळे कोणाला आग्रह करू नये आणि कोणी नाक मुरडू नये. डॉक्टरांनी काही वर्ज्य केले असेल तर तसे सांगावे, वाढणाऱ्याला राग येणार नाही. "यात काय आहे?" हा प्रश्न चांगला आहे, मात्र तो घास घेण्याच्या तयारीने विचारावा. मुलांनी "छी" म्हटले तर आईवडिलांनी रागावण्याऐवजी स्वतः एक घास खाऊन दाखवावा. बाकी मुले बघतातच.

ज्या कुटुंबाबरोबर आजवर जेवलो नाही त्यांच्या शेजारी बसावे. मी कोणाला कोठे बसायचे ते सांगणार नाही. ज्यांची दुसरी पाळी आहे त्यांनी लवकर निघायचे असल्यास तसे सांगावे, त्यांचे ताट आधी वाढू. पहिल्या पाळीवरून उशिरा येणाऱ्यांसाठी मात्र सर्वांनी राखून ठेवायचे आहे. करिंथची आठवण असू द्या. शेजारच्या हिंदू, मुसलमान, बौद्ध कुटुंबांना आणायचे असेल तर जरूर आणावे, पण जेवायला बोलावून प्रवचन ऐकवू नये. ताट-वाटी आपापली आणावी, पाणी चर्चतर्फे आहे.

उरलेले गोळा करण्यासाठी दोन टोपल्या आणून ठेवल्या आहेत. योहानाच्या सहाव्या अध्यायात बारा लागल्या होत्या. आपल्याला किती लागतात ते पाहू.

आपला,
धर्मगुरू